परत आलेला निबंध

सरकारी कचेरीत वीस वर्षे काढलेल्या माणसाला लिहिण्याची सवय नाही, असे कोणी म्हणणार नाही. सकाळी खुर्चीत बसल्यापासून संध्याकाळी उठेपर्यंत मी लिहीतच असतो. टिपण्या, खुलासे, अहवाल, स्मरणपत्रे. या लिखाणाची एक मौज आहे. टिपणी जसजशी वर चढते, तसतसे तिच्यातले विधान अधिकाधिक खरे होत जाते. खालच्या माणसाने ‘बहुतेक ठिकाणी असे दिसून येते’ असे लिहिलेले असते. कोणाला दिसले, किती ठिकाणी दिसले, हे सहसा कोणी विचारीत नाही. चार सह्या झाल्या की त्या दिसण्याचे धोरण होते.

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी एका समाजशास्त्रीय नियतकालिकासाठी निबंध लिहावयास घेतला, तेव्हा ही सवय माझ्याबरोबर होती. तिचे पुढे काय झाले, ते आज श्रोत्यांना सांगावयाचे आहे.

मी राहतो बंगळूरच्या पूर्व टोकाला, के. आर. पुरम येथे. पूर्ण नाव कृष्णराजपुरम. जुना मद्रास रस्ता येथूनच जातो. रेल्वेच्या रुळांवरचा तारांनी तोललेला पूल २००३ साली झाला. लोक त्याला झुलता पूल म्हणतात, जरी तो झुलत नाही. मार्च २०२३ मध्ये व्हाइटफील्डकडून मेट्रो येथवर आली, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ती पुढे शहराशी जोडली गेली. मेट्रोबरोबर इमारती आल्या, आणि इमारतींबरोबर त्या बांधणारी माणसे आली. कलबुर्गी, यादगीर, रायचूर आणि बीदरकडची ही कुटुंबे अर्धवट इमारतीच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोल्यांत राहतात. बीदरच्या भालकी आणि औराद भागांतल्या बायका आपापसांत मराठी बोलतात. परमुलखात कानावर पडलेल्या मराठीने मला प्रथम तेथे थांबविले, हे कबूल केले पाहिजे.

थांबलो तो एक प्रश्न घेऊन उठलो. शाळेच्या वेळी ही मुले घरीच कशी? शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. शाळा सोडल्याचा दाखला मिळण्यास उशीर झाला, जन्माचा पुरावा नसला, किंवा वर्ष सुरू होऊन गेले, तरी प्रवेश नाकारता येत नाही, असे तो स्पष्ट सांगतो. मी कायदा जाणणारा माणूस. कायदा असूनही मुले बाहेर आहेत, म्हणजे शाळा दाखल्यांसाठी अडवीत असणार, असा तर्क मी केला. मग रविवारच्या सकाळी वही घेऊन जाऊ लागलो. मुकादम माझ्यासाठी खुर्ची आणून ठेवी. मी प्रश्न विचारी. लोक उभ्याने उत्तरे देत. सात-आठ महिन्यांत चाळीसेक कुटुंबांच्या नोंदी झाल्या, आणि मी लिहावयास बसलो.

निबंध पाठविण्याचा विधी कोणत्याही सरकारी अर्जाइतकाच काटेकोर आहे. आधी नियतकालिक निवडावे लागते, आणि त्यासाठी त्याचे मागचे दोन-तीन वर्षांचे अंक वाचावे लागतात. ज्या चर्चेत आपण बोलणार, ती कोठवर आली आहे हे माहीत असल्यावाचून तोंड उघडू नये. एक निबंध एका वेळी एकाच संपादकाकडे पाठवावयाचा. दीड-दोनशे शब्दांचा गोषवारा सोबत द्यावयाचा. संदर्भ त्या नियतकालिकाच्या पद्धतीने लावावयाचे. थोडे दिवस हाती आले असता पैसे भरा आणि आठवड्यात छापून घ्या, असे सांगणारी काही प्रकाशनेही भेटली. पूर्वी विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची एक यादी असे. ती २०२५ साली बंद झाली. आता पारख ज्याची त्यानेच करावयाची.

आमच्यासारख्यांना आणखी एक पथ्य असते. केंद्रीय नागरी सेवेचे १९६४ चे वर्तणूक नियम सांगतात की, सरकारी नोकराने काही प्रसिद्ध केले तर ती मते त्याची स्वतःची आहेत, सरकारची नव्हेत, हे त्याने स्पष्ट करावे. तेव्हा आजच्या या भाषणातली मतेही माझीच आहेत.

परंतु या साऱ्या विधीतले मला सर्वांत जड गेलेले कलम वेगळेच होते. निबंधावर लेखकाचे नाव नसावे. नाव आणि हुद्दा निराळ्या कागदावर लिहावयाचा. तो संपादकाजवळ राहतो, आणि निबंध निनावी होऊन अनोळखी परीक्षकांकडे जातो. ‘आमच्या खात्याच्या अनुभवावरून’ असे शब्द मी तीन ठिकाणी लिहिले होते. तेही खोडावे लागले. ते खोडताना माझ्या लक्षात आले की, त्या तीनही ठिकाणी त्या शब्दांखेरीज दुसरा पुरावा नव्हता.

पाच महिन्यांनी उत्तर आले. निबंध आहे त्या स्वरूपात छापता येणार नाही. पुन्हा लिहावयाची तयारी असेल तर विचार करू. सोबत एका परीक्षकाचे पानभर टिपण होते. स्वर सौम्य होता. प्रश्न तीन होते. लेखकाने ‘बहुतेक पालक’ म्हटले आहे, ते नेमके किती? हे प्रश्न कोणासमोर विचारले गेले? आणि लेखकाने स्वतः न कल्पिलेले उत्तर कोणाला द्यावयाचे असते, तर त्यासाठी प्रश्नावलीत जागा कोठे होती?

पहिले दोन दिवस मी रागावलो होतो. कचेरीत माझ्या ‘बहुतेक’ला कोणी असे हटकले नव्हते. तिसऱ्या दिवशी वही काढून मोजले. ‘बहुतेक’ म्हणजे निम्म्याहून थोडे अधिक निघाले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर वहीत नव्हते, पण मला ठाऊक होते. खुर्ची आणणारा मुकादम प्रत्येक वेळी माझ्या मागेच उभा असे. तिसऱ्या प्रश्नाला तर उत्तरच नव्हते.

पुढच्या रविवारी मुकादम गावाला गेला होता. मी विटांच्या ढिगावर बसलो आणि औरादकडच्या एका बाईंना म्हटले, “मागे तुम्ही सांगितलं होतं, दाखल्यामुळे पोरगी शाळेत जात नाही. ते जरा नीट सांगाल का?” त्या हसल्या. म्हणाल्या, “साहेब, तुम्ही दाखल्याचं इचारलं, म्हून दाखल्याचं सांगितलं. पोरगी घरी का ऱ्हाते, ते कुठं इचारलं?”

पोरगी नऊ वर्षांची होती. तिच्या कडेवर वर्षाचा भाऊ होता. आई-बाप दोघेही कामावर. मुलाला कोणी सांभाळावयाचे? शाळेने त्यांना अडविले नव्हते, कारण शाळेपर्यंत त्या कधी गेल्याच नव्हत्या. त्या दिवसापासून मी घरोघर पुन्हा गेलो, आणि एवढेच विचारले की, मूल काल दिवसभर काय करीत होते. दाखल्याची अडचण काही घरांत खरीच होती. परंतु अधिक घरांत मोठ्या बहिणीच्या कडेवर धाकटे भावंड होते. १९९६ च्या बांधकाम कामगारांच्या कायद्यात पाळणाघराची तरतूद होती. पण पन्नासाहून अधिक स्त्री-कामगार असतील तेथेच ती लागू पडे. माझ्या वहीतली एकही इमारत तेवढी मोठी नव्हती. मी जो निबंध लिहावयास हवा होता, तो येथे होता, आणि मी दुसऱ्याच कायद्याची कलमे चाळीत बसलो होतो.

या सुमारास मला एम. एन. श्रीनिवास यांची फार आठवण झाली. म्हैसूरजवळच्या एका खेड्यात, ज्याला त्यांनी रामपुरा असे नाव दिले, ते १९४८ साली राहिले होते. पुढे २४ एप्रिल १९७० रोजी अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे लागलेल्या आगीत त्यांच्या संस्कारित टिपणांच्या तिन्ही प्रती जळाल्या, आणि त्यांनी बरेचसे आठवणीवर ते पुस्तक लिहिले. ते १९७६ साली प्रसिद्ध झाले. त्या वेळी ते येथेच, बंगळूरच्या सामाजिक व आर्थिक परिवर्तन संस्थेत होते. ही हकीकत पुष्कळांना ठाऊक असते. मला मात्र त्या पुस्तकातला एक कबुलीजबाब अधिक मोलाचा वाटतो. आपण गावच्या पाटलाच्या आश्रयाने राहिलो, म्हणून गाव आपल्याला उच्च जातींच्या नजरेतून दिसले, असे त्यांनी सांगून टाकले आहे. खुर्ची कोणी आणून दिली, हे निबंधात लिहावे लागते, ते यासाठी.

आणि दुसरे स्मरण झाले ते बाबासाहेब आंबेडकरांच्या पहिल्या छापील शोधनिबंधाचे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात, त्यांनी भारतातील जातींवर एक निबंध वाचला. वय पंचवीस वर्षे. मे १९१७ मध्ये तो ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात छापून आला. जातीने ज्याचे आयुष्य पावलोपावली अडविले, त्या तरुणाला या विषयावर नुसते आपले अनुभव सांगून सभा जिंकता आली असती. त्याने तसे केले नाही. सेनार, नेसफील्ड, रिझ्ले आणि आपले ज्ञानकोशकार केतकर, या चौघांच्या व्याख्या त्याने एकेक करून तपासल्या. केतकरांचा त्याने आदर केला, आणि त्यांनी सांगितलेली दोन लक्षणे, जन्मानेच मिळणारे सभासदत्व आणि जातीबाहेर विवाहास बंदी, ही एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत हे दाखविले. मग जातीतल्या जातीत विवाह हेच मूळ, असे स्वतःचे म्हणणे मांडले, आणि सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह यांची संगती त्यावरून लावली. शेवटी त्याने म्हटले की, माझे मत कोणी सप्रमाण खोडून काढले तर त्यातही मला आनंदच आहे.

ज्याला वैतागण्याचा सर्वांत अधिक अधिकार होता, त्याने हे लिहिले आहे. पानभर टिपणावर दोन दिवस धुमसलेल्या माझ्यासारख्याने ते वाचून काय म्हणावे?

मी निबंध पुन्हा लिहिला. तो निम्म्याने आखूड झाला. ‘बहुतेक’च्या जागी आकडे आले. मुकादमाची खुर्ची आली. के. आर. पुरमच्या चाळीस कुटुंबांवरून साऱ्या देशाविषयी काढलेला शेवटचा परिच्छेद गेला, आणि त्याची चुटपुट मला काही दिवस लागून राहिली. परीक्षकाने पुन्हा दोन शंका काढल्या; एक मला पटली, दुसरीला मी उत्तर दिले. वर्षभराने एक लहानसे टिपण म्हणून तो छापून आला.

श्रोतेहो, पहिला निबंध छापला गेला असता तर माझे नुकसान काहीच नव्हते. कदाचित कोणी तो वाचून दाखल्यांविषयी एक परिपत्रक काढले असते. टिपणी बहुधा माझ्यासारख्याच कोणी लिहिली असती, आणि शाळांनी ती निमूटपणे पाळली असती. ती नऊ वर्षांची मुलगी मात्र भावाला कडेवर घेऊन तशीच उभी राहिली असती, कारण तिची अडचण कागदावर आलीच नसती.

अंक हाती आला तेव्हा मी त्या इमारतीपाशी गेलो. ती पुरी झाली होती. खिडक्यांना पडदे लागले होते, आणि पत्र्याच्या खोल्यांच्या जागी मोटारी उभ्या होत्या. ती कुटुंबे कोठे गेली, हे पहारेकऱ्याला सांगता आले नाही. अंक तसाच परत घेऊन आलो. हल्ली कचेरीत ‘बहुतेक’ हा शब्द लिहिला की मी थांबतो, आणि किती ते विचारावयास खालच्या टेबलाकडे उठून जातो. हाताखालच्या मंडळींना याचा त्रास होतो, हे मला ठाऊक आहे.