वैमानिकाची शाळा

मानवतच्या व्याख्यानमालेत विमानाचा विषय कुठून आला, असं काहींच्या मनात आलं असेल. कापसाचा भाव, जायकवाडीचं पाणी हे आपले हक्काचे विषय. पण हवाई दलातला वैमानिक ज्या विमानावर शिकला, ते एका मराठी माणसाने बनवलं होतं आणि त्याचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही.

ते विष्णू माधव घाटगे. गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपूचे, जन्म 1908चा. जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल या वायुगतिशास्त्रज्ञांच्या हाताखाली त्यांनी 1936मध्ये डॉक्टरेट केली. वालचंद हिराचंद या सोलापूरच्या उद्योजकाने 1940मध्ये बेंगळुरात विमानाचा कारखाना काढला, तिथे घाटगे आले. 1942मध्ये भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला, त्याच्या उभारणीतही ते होते. म्हणजे कारखाना आणि वर्ग, दोन्हींकडे पाय.

1951च्या ऑगस्टमध्ये त्यांचं एचटी-2 हे प्रशिक्षण विमान उडालं. त्यात शिष्य आणि शिक्षक एकामागे एक बसायचे. पुढे 1964मध्ये आलेल्या 'किरण' या प्रशिक्षण विमानात दोघे शेजारी बसू लागले. मागे-पुढे बसलं की शिक्षकाला शिष्याची पाठ दिसते. शेजारी बसलं की त्याचे हात दिसतात. मुलगा विमान वळवायचा दांडा घट्ट आवळून बसलाय की सैल धरलाय, हे बघूनच शिक्षकाला निम्मं कळतं.

'किरण'चं पहिलं उड्डाण केलं ते सुरंजन दास यांनी. हवाई दलाचे हे अधिकारी इंग्लंडच्या चाचणी वैमानिकांच्या शाळेत शिकलेले. 1961मध्ये 'मारुत' हे लढाऊ विमान पहिल्यांदा आकाशात नेलं तेही त्यांनीच. 10 जानेवारी 1970 रोजी त्याच 'मारुत'च्या एका सुधारित नमुन्याची चाचणी घेताना ते गेले.

त्यानंतर तीन वर्षांत, 1973मध्ये, हवाई दलाने बेंगळुरात स्वतःची चाचणी वैमानिकांची शाळा सुरू केली. इथे वैमानिक आणि उड्डाण-चाचणी अभियंते एकत्र शिकतात. सकाळी विमान उडवायचं, नंतर त्याच उड्डाणाचे आकडे मांडून अहवाल लिहायचा. 'विमान जरा जड वाटलं' एवढ्याने भागत नाही; किती वेगाला, किती उंचीवर, दांड्यावर किती जोर लागला, ते लिहावं लागतं. मला विचाराल तर हवाई दलातली सर्वांत अवघड परीक्षा ही. चाचणी वैमानिकांचा विषय निघालाच आहे, तर राकेश शर्मा अंतराळात जाऊन आले ते सर्वांना माहीत आहे. पण पुढे ते नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात मुख्य चाचणी वैमानिक होते, हे किती जणांना ठाऊक?

आता मुलांसाठी कामाचं. छत्रपती संभाजीनगरला सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था 1977पासून आहे. दहावीनंतर प्रवेश परीक्षेतून मुलं घेतात आणि अकरावी-बारावीबरोबर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या (एनडीए) प्रवेशाची तयारी करून घेतात. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला झाली आहे. वैमानिक व्हायचं तर बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवंच. घरी दहावीला कुणी असेल, तर उद्याच शाळेत जाऊन परीक्षेची चौकशी करा.