अकरा विजेतेपदे आणि रिकामे सभागृह

(शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



क्रीडेविषयी चार शब्द बोलावेत अशी सूचना संयोजकांकडून आली, तेव्हा मी थोडा संकोचलो. मी खेळाडू नव्हे. माहिती खात्यातील माझ्या नोकरीत खेळाडूंशी माझा संबंध येतो तो प्रामुख्याने त्यांच्या सत्काराचे वृत्त लिहिताना. शाल, श्रीफळ, मानपत्र, पाहुण्यांचे भाषण, आभार. अशी वृत्ते मी इतकी लिहिली आहेत की आता ती झोपेतही लिहीन. परंतु सत्कार झालेला माणूस घरी परतल्यावर त्याच्या वाट्याला काय येते, हे लिहिण्याची वेळ माझ्यावर कधी आली नाही. म्हणून आज ज्या खेळाडूविषयी मी बोलणार आहे, त्याची कथा मला बेचैन करीत आली आहे.

बिल रसेल हे अमेरिकेतील बास्केटबॉलपटू ३१ जुलै २०२२ रोजी वयाच्या ८८ व्या वर्षी निवर्तले. बॉस्टन शहरातील नगर सभागृहासमोरच्या चौकात त्यांचा पुतळा आहे. वार्ता पसरताच लोक त्या पुतळ्यापाशी आले आणि त्यांनी तेथे फुले ठेवली. त्यांतल्या ज्येष्ठांनी तरुणपणी रसेल यांना मैदानावर पाहिले होते. तरुणांना मात्र ते ठाऊक होते दरवर्षी अंतिम सामन्यांच्या सर्वोत्तम खेळाडूस चषक देणारे, पांढऱ्या दाढीचे, खदखदून हसणारे उंच आजोबा म्हणून. हा चषक २००९ सालापासून त्यांच्याच नावाने दिला जातो.

बॉस्टनच्या नागरिकांनी या माणसासाठी अश्रू ढाळावेत यात नवल नाही, असे आपण म्हणाल. त्या शहराच्या सेल्टिक्स संघाकडून रसेल १९५६ ते १९६९ अशी तेरा वर्षे खेळले आणि त्या तेरा वर्षांत संघाने अकरा विजेतेपदे मिळविली. १९५९ ते १९६६ या काळात तर सलग आठ! तरीही त्या अश्रूंमागे एक जुने देणे होते, आणि जाणत्या चाहत्यांना ते ठाऊक होते.

रसेल यांचा जन्म १२ फेब्रुवारी १९३४ रोजी लुइझियाना राज्यातील वेस्ट मन्रो येथे झाला. कृष्णवर्णीयांना पदोपदी अवमान सोसावा लागेल असा तो दक्षिणेकडील प्रदेश. तेथून हे कुटुंब कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे गेले. रसेल बारा वर्षांचे असतानाच आई वारली. पुढे शाळेच्या कनिष्ठ संघात पंधरा खेळाडूंपुरतेच गणवेश होते आणि हा मुलगा होता सोळावा. जॉर्ज पॉवेल्स या गौरवर्णीय प्रशिक्षकांनी त्याला वगळले नाही. एक गणवेश दोन मुलांत वाटून दिला. एका सामन्याला एकाने तो घालावयाचा, दुसऱ्या सामन्याला दुसऱ्याने. येथे बसलेल्या शिक्षकांनी असे गणवेश वाटले असतील, म्हणून हा तपशील मुद्दाम सांगितला. त्याच वयात हा मुलगा सार्वजनिक ग्रंथालयातून लिओनार्दो आणि मायकेलअँजेलो यांच्या चित्रांच्या प्रतिकृती घरी नेई आणि त्या मनात साठवून स्मरणाने रेखाटण्याचा प्रयत्न करी. पाहिलेली हालचाल मनात उतरवून ती पुन्हा उभी करण्याची सवय आपल्याला येथेच लागली, असे त्यांनी पुढे लिहिले आहे.

आता त्यांच्या खेळाविषयी. बास्केटबॉलची कडी जमिनीपासून ३.०५ मीटर उंचीवर असते, आणि सर्वसामान्य प्रेक्षकाची नजर कडीतून चेंडू कोण टाकतो यावर खिळलेली असते. रसेल यांची कीर्ती झाली ती चेंडू पडू न देण्याने. प्रतिपक्षाने फेकलेला चेंडू हवेतच अडवावयाचा, याला ब्लॉक म्हणतात. असा चेंडू प्रेक्षकांत भिरकावून टाळ्या मिळविणे त्यांना सहज शक्य होते. परंतु चेंडू मैदानाबाहेर गेला तर तो पुन्हा प्रतिपक्षाच्याच हाती येतो. म्हणून रसेल तो हलकेच थोपवीत आणि आपल्या सहकाऱ्याकडे वळवीत, आणि तेथूनच त्यांच्या संघाची चढाई सुरू होई. आणखी एक गंमत म्हणजे, ब्लॉकची अधिकृत नोंद अमेरिकेच्या व्यावसायिक स्पर्धेत १९७३-७४ च्या हंगामापासून ठेवली जाऊ लागली, आणि रसेल निवृत्त झाले १९६९ मध्ये. ज्या कौशल्याने त्यांनी या खेळाचे रूप पालटले, त्याचा आकडा कोणत्याही अधिकृत दप्तरात नाही. नोंद नाही म्हणजे काम झालेच नाही, असे मानणाऱ्या आमच्यासारख्या दप्तरी माणसांना हे जरा लागेल.

विद्यापीठाच्या संघातून १९५५ व १९५६ अशी दोन राष्ट्रीय विजेतेपदे, १९५६ च्या मेलबोर्न ऑलिंपिकचे सुवर्णपदक, पाच वेळा सर्वोत्तम खेळाडूचा मान, हा सारा तपशील मी वेगाने ओलांडतो. एवढे मात्र सांगितले पाहिजे की १९६६ मध्ये रसेल सेल्टिक्सचे प्रशिक्षक झाले. अमेरिकेतील त्या मुख्य व्यावसायिक स्पर्धेतले ते पहिले कृष्णवर्णीय प्रशिक्षक. शेवटची दोन विजेतेपदे त्यांनी खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दुहेरी नात्याने मिळविली.

आणि या काळात ते राहत कोठे होते? बॉस्टनजवळच्या रीडिंग या नगरात. त्या नगराने १९६३ मध्ये त्यांचा जाहीर गौरव केला. आपल्याकडील भाषेत नागरी सत्कारच म्हणा. पुढे रसेल यांनी त्याच नगरात दुसऱ्या वस्तीत अधिक चांगले घर घेण्याचे मनात आणले, तेव्हा तेथील रहिवाशांनी त्याविरुद्ध सह्यांचा अर्ज फिरविला. कुटुंब घरी नसताना अज्ञात व्यक्तींनी त्यांच्या घरात शिरून मोडतोड केली, स्मृतिचिन्हे फोडली, भिंतींवर वंशद्वेषाचे शब्द लिहिले आणि बिछाने घाण केले. हे त्यांच्या कन्येनेच पुढे लिहून ठेवले आहे. विजेतेपदांमागून विजेतेपदे येत असतानाही सेल्टिक्सच्या सामन्यांना पुष्कळदा आसने रिकामी राहत.

मी या नगरांना दोष देण्यासाठी हे सांगत नाही. मला विचारावेसे वाटते ते इतकेच, की ज्यांनी सत्काराच्या दिवशी टाळ्या वाजविल्या आणि ज्यांनी अर्जावर सह्या केल्या, ती माणसे खरोखरच निराळी होती काय? काही तरी तीच असावीत, असे मला वाटते. गावचा कारभार पाहणाऱ्या आपणापैकी ज्यांनी एखाद्या कुटुंबाला वस्तीत जागा मिळू नये म्हणून आलेला अर्ज हाती घेतला असेल, त्यांनी माझे मत तपासून पाहावे.

रसेल यांनी याचे उत्तर आपल्या पद्धतीने दिले. १९६१ मध्ये केंटकी राज्यातील लेक्झिंग्टन येथे उपाहारगृहात त्यांच्या कृष्णवर्णीय सहकाऱ्यांना खाणे नाकारण्यात आले, तेव्हा ते सहकाऱ्यांसह सामना न खेळताच परतले. आपण सेल्टिक्ससाठी खेळतो, बॉस्टन शहरासाठी नव्हे, असे ते सांगत. चाहत्यांना सही देणेही त्यांनी थांबविले. कोणी वही पुढे केली तर ते नकार देत, मात्र हस्तांदोलनास तयार असत. पुष्कळांना हा उद्धटपणा वाटला. मलाही प्रथम वाचताना तसेच वाटले होते, हे कबूल करतो.

१९७२ च्या मार्च महिन्यात सेल्टिक्सने त्यांचा ६ क्रमांकाचा गणवेश निवृत्त करावयाचे ठरविले. म्हणजे त्या संघात तो क्रमांक यापुढे कोणी वापरावयाचा नाही. असा समारंभ खच्चून भरलेल्या सभागृहात होतो. रसेल यांनी अट घातली की प्रेक्षकांना आत सोडण्यापूर्वीच तो उरकावा. अकरा विजेतेपदे देणाऱ्या खेळाडूचा क्रमांक छताशी चढविला गेला, तेव्हा खाली त्यांचे काही जुने सहकारी आणि संघाचे लोक तेवढे होते. बाकी सभागृह रिकामे!

यानंतर सत्तावीस वर्षे गेली. १९९९ च्या मे महिन्यात तोच समारंभ पुन्हा करण्यात आला, या वेळी लोकांसमक्ष, आणि त्याचे उत्पन्न मुलांना मार्गदर्शन करणाऱ्या कार्यासाठी. मैदानावरील त्यांचा सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी आणि जिवलग मित्र विल्ट चेंबरलेन हाही आला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात तो वारला. सभागृहातील लोक उभे राहिले आणि टाळ्या थांबेनात. त्या उंचपुऱ्या, हट्टी माणसाचे डोळे भरून आले. टाळ्या वाजविणाऱ्यांत ज्या पिढीने ती आसने रिकामी ठेवली होती तिची माणसे होती, आणि त्यांची मुलेही होती.

पुढे २०११ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी त्यांना देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान दिला. बॉस्टनमध्ये त्यांचा पुतळा उभा राहावा अशी इच्छा त्यांनी त्याच प्रसंगी बोलून दाखविली. तो १ नोव्हेंबर २०१३ रोजी उभा राहिला. २०२२ मध्ये फुले पडली ती त्याच पुतळ्याच्या पायाशी.

निधनानंतर दोन आठवड्यांच्या आत, ऑगस्ट २०२२ मध्ये, त्यांचा ६ हा क्रमांक सेल्टिक्सपुरताच नव्हे, तर स्पर्धेतील सर्वच संघांसाठी निवृत्त करण्यात आला. ज्यांच्या पाठीवर तो आधीपासून होता त्यांना तो ठेवण्याची मुभा मिळाली. नव्याने मात्र तो कोणासही मिळणार नाही. असा मान त्या स्पर्धेत यापूर्वी कोणा खेळाडूस लाभला नव्हता. चाहत्यांनी मात्र आठवणी सांगितल्या त्या बहुधा लहानसहान. कोणाला त्यांचे ते सभा दणाणून सोडणारे हसू आठवले, तर कोणाला सही न मिळाल्याचा राग आणि नंतर त्याचे उमगलेले कारण.

त्या वर्षीच्या हंगामात सेल्टिक्सने आपल्या मैदानावर कडीखालच्या रंगवलेल्या चौकटीत ६ हा आकडा रेखून घेतला. रसेल तेरा वर्षे उभे राहत असत ते याच जागी, आणि समोरचा खेळाडू उडी घेईपर्यंत ते स्वतः जमीन सोडीत नसत.