पेढीच्या नावात लपलेलं आडनाव



पनवेलमध्ये १८७२ साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिकांनी आयुर्वेदिक औषधांचा कारखाना काढला. नाव ठेवलं श्री धूतपापेश्वर. आता जुन्या डिरेक्टऱ्यांतल्या धंद्यांच्या नावांवरून कुणी आडनावांची सूची करायला बसलं, तर तिच्यात पुराणिक कुठून येणार? पाटीवर देव आहे, घराणं नाही.

इंग्रजांच्या पेढ्यांना ही अडचण फारशी नव्हती. ‘थॅकर, स्पिंक अँड कंपनी’ या नावातच दोन आडनावं आहेत, आणि हिंदुस्थानभरच्या पेढ्यांची मोठी डिरेक्टरी कलकत्त्याहून काढणारी हीच कंपनी. आपल्याकडेही १८८८चे किर्लोस्कर ब्रदर्स किंवा लोणच्यामसाल्यांचे बेडेकर चटकन सापडतात.

खरी कसोटी एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत लागते. गणपत कृष्णाजींचा छापखाना घ्या. मालकांचं आडनाव पाटील. निर्णयसागर छापखाना काढणारे जावजी दादाजी हे चौधरी. पुस्तकांवर ‘दामोदर सावळाराम आणि मंडळी’ असं छापलेलं दिसतं, ते यंदे. शेवटचा शब्द म्हणजे आडनाव, हा नियम इथे लावला की कृष्णाजी, दादाजी, सावळाराम ही तीन वडिलांची नावं तीन घराणी होऊन बसतात! जगन्नाथ शंकरशेटांचं आडनाव मुरकुटे. पण इंग्रजी कागदांत ते ‘जगोनाथ संकरसेट’ अशा वळणाने उतरले, आणि वडिलांचं नावच जगाने आडनाव मानलं.

‘वाला’ तर आणखी फसवा. पारशी बाटलीवाला हे आडनाव आहे. पुण्याच्या ‘चितळे बंधू मिठाईवाले’मधलं मिठाईवाले हा धंदा. दिसायला दोन्ही सारखे, पण सूचीत त्यांच्या जागा वेगळ्या.

म्हणून माझा आग्रह असा, की डिरेक्टरीत छापलेलं नाव आधी जसंच्या तसं उतरवावं. स्पेलिंग सुधारू नये. ‘पॅनवेल’ असेल तर तेच लिहावं. आडनावाचा रकाना स्वतंत्र ठेवावा आणि त्याशेजारी ते कशावरून ठरवलं ते नोंदवावं: खरेदीखत, जाहिरात, चरित्र, जे असेल ते. पुरावा नसेल तर रकाना कोरा राहू द्या. अंदाजाने लिहिलेलं आडनाव सूचीत एकदा छापलं गेलं, की पुढचा अभ्यासक तोच पुरावा धरतो, आणि कुण्या भलत्याच कुळाच्या वंशावळीत एक दुकान जाऊन बसतं. याचं मला फार वाईट वाटतं, कारण अशी चूक नंतर कुणी शोधायला जात नाही.

डिरेक्टरीत गावोगावचे लहान दुकानदार क्वचितच येत. पनवेलपुरती ती उणीव पनवेलकरच भरून काढू शकतात. घरात जुनं बिल, चोपडी, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी असेल तर तिचा फोटो काढा. दुकानाचं नाव छापलंय तसं लिहा, शेजारी घरच्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेलं आडनाव लिहा, आणि ते कुणी, कोणत्या साली सांगितलं तेही.