पेटंट घ्यावे की न घ्यावे?



वसंतातल्या व्याख्यानांत साहित्य, इतिहास नाहीतर राजकारण यांवर बोलण्याचा प्रघात आहे. मी आज जो विषय घेतला आहे तो कायद्याचा, म्हणजे दिसायला रुक्ष आहे. पण घोडनदीच्या आणि भीमेच्या काठच्या माणसांना तो परका नाही. शिरूर तालुक्यात रांजणगावला आणि दौंड तालुक्यात कुरकुंभला औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. त्यांच्या आसऱ्याने एखाददुसरे लेथ मांडून बसलेली लहान वर्कशॉपे आली. दौंडकडे गुऱ्हाळे आहेत, शिरूरकडे कांदा आहे. जेथे माणूस रोज हाताने काम करतो तेथे त्याला युक्ती सुचल्यावाचून राहत नाही. आणि युक्ती सुचलेल्या माणसाला आठ दिवसांच्या आत दोन सल्ले मिळतात. एक म्हणतो, "ताबडतोब पेटंट काढ, सोने होईल." दुसरा म्हणतो, "कशाला भानगडीत पडतोस? मोठे लोक तुला गिळून टाकतील." या दोन सल्ल्यांच्या मधली वाट कशी शोधावी, एवढेच मला आज सांगायचे आहे.

पेटंट म्हणजे काय, हे आधी नीट पाहू. पुष्कळांना वाटते की ते सरकारने दिलेले प्रशस्तिपत्र आहे. तसे ते नव्हे. तो एक सौदा आहे. शोध लावणाऱ्याने आपली युक्ती जगाला संपूर्ण, काहीही हातचे न राखता, लिहून सांगायची; आणि त्या बदल्यात समाजाने त्याला ठरावीक काळ तिच्यावर एकट्याचा हक्क द्यायचा. आपल्या देशात ही मुदत अर्ज केल्यापासून २० वर्षांची आहे. ती संपली की युक्ती सर्वांची. हा व्यवहार आपल्याकडे १८५६ साली सुरू झाला. त्या वर्षी कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डी पेनिंग यांनी पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी केलेला अर्ज हा या देशातला पहिला समजला जातो. स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ साली अहवाल दिला, त्यावरून १९७० चा कायदा झाला, तो १९७२ मध्ये अमलात आला. पुढे १९९९, २००२ आणि २००५ साली त्यात मोठे बदल झाले. पण सौद्याचे मूळ रूप तेच राहिले.

आता हा सौदा कशाचा होऊ शकत नाही ते पाहू, कारण शेतकरी माणसाची पहिली निराशा येथेच होते. शेती करण्याच्या पद्धतीला आपल्या कायद्यात पेटंट नाही. कांद्याची रोपे अमुक अंतरावर लावली तर उतारा वाढतो, हे तुम्ही शोधून काढले असेल तर ते उपयोगी ज्ञान आहे, पेटंटचा विषय नाही. बियाणे आणि पिकाचे वाण यांनाही पेटंट नाही. आणि जे ज्ञान परंपरेने चालत आलेले आहे त्यालाही नाही.

परंपरागत ज्ञानाची गोष्ट आपल्या हळदीनेच शिकवली. जखमेवर हळद दाबावी हे आपल्याकडे कोणाही आजीला ठाऊक आहे. तरी १९९५ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळदीच्या वापराचे पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते. त्याआधी ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते. परिषदेने त्या पेटंटाला आव्हान दिले. आजीची साक्ष तेथे चालणार नव्हती. लिखित पुरावा हवा होता. जुने ग्रंथ आणि भारतीय वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकातला १९५३ सालचा एक लेख, असे ३२ दाखले दिले गेले, आणि १९९७ साली पेटंटातले दावे फेटाळले गेले. यातून घेण्यासारखी गोष्ट अशी : जे लिहिलेले नाही त्याला कज्ज्यात किंमत नाही. मग ते ज्ञान देशाचे असो की तुमच्या वर्कशॉपातले असो.

वाणांसाठी वेगळी सोय आहे, पण ती एका माणसासाठी उशिरा आली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड नावाच्या खेड्यातले दादाजी खोब्रागडे हे अल्पभूधारक शेतकरी. १९८३ च्या सुमारास त्यांना आपल्या भातात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या जपल्या, वर्षानुवर्षे निवडून वाढवल्या, आणि त्यातून बारीक दाण्याचे, चवीचे भात निघाले. तेव्हा हातांवर दिसणाऱ्या घड्याळावरून लोकांनी त्याला एचएमटी म्हटले. ते भात कित्येक राज्यांत पसरले. दादाजींना पुरस्कार मिळाले, राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाला. पण बियाणाच्या विक्रीतला वाटा त्यांच्या घरी आला नाही. २०१८ साली ते गेले तेव्हा घरची ओढगस्त संपलेली नव्हती. पिकांच्या वाणांचे आणि शेतकऱ्यांच्या हक्कांचे संरक्षण करणारा कायदा झाला तो २००१ साली, म्हणजे भात सर्वदूर गेल्यावर. आज कोणा शेतकऱ्याला स्वतःच्या निवडीने वेगळा वाण हाती लागला, तर त्याने पेटंटच्या मागे न लागता या कायद्याखाली वाणाची नोंदणी करावी. बियाणे वाटून टाकण्याच्या आधी करावी, हे विसरू नये.

आता यंत्राकडे येऊ. समजा, दौंडकडच्या एका गुऱ्हाळवाल्याने चुलवाणाची रचना बदलली. काहिलीखालचा जाळ अशा वाटेने फिरवला की तेवढ्याच चिपाडात एक आधण जास्त निघते. याला पेटंट मिळेल काय? कायदा तीन गोष्टी विचारतो. ही रचना जगात कोठेही आधी प्रसिद्ध झालेली नाही ना? या कामातल्या जाणकाराला ती सहज सुचण्यासारखी नाही ना? आणि तिचा उद्योगात उपयोग आहे ना? तिसऱ्याचे उत्तर सोपे आहे. पहिल्या दोहोंत माणसे अडकतात. "आमच्या पंचक्रोशीत असे कोणाकडे नाही," हे उत्तर पुरेसे नाही. ब्राझीलमधल्या एखाद्या जुन्या पेटंटात तसे चुलवाण असले तरी तुमचे नवेपण संपले. म्हणून खर्च करण्याआधी शोध घ्यावा. पेटंट कार्यालयाचे दप्तर आता घरबसल्या फुकट चाळता येते. तालुक्याच्या महाविद्यालयातला एखादा हुशार विद्यार्थी चार संध्याकाळी बसला तर निम्मे काम होईल.

दुसऱ्या प्रश्नासाठी एक जुना खटला सांगतो. मिर्झापूरच्या एका कंपनीने पितळेची भांडी लेथवर पकडून घासण्याच्या साधनाचे पेटंट १९५० नंतरच्या दशकात घेतले. दुसऱ्या भांडीवाल्यांनी तेच साधन वापरले म्हणून दावा गुदरला. तो चढत चढत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७८ साली निकाल लागला : साधन उपयोगी खरे, पण त्यात शोध नाही, कुशल कारागीर आपल्या कामात करील तेवढीच ती सुधारणा आहे. पेटंट रद्द झाले. म्हणजे पाव शतक भांडून पेटंटवाल्याच्या हाती काय आले? असल्या लहान सुधारणांसाठी जर्मनीत आणि चीनमध्ये कमी मुदतीचे छोटे पेटंट असते. आपल्याकडे ते नाही. वस्तूचा नुसता आकार किंवा रूप नवे असेल तर २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंद होते, एवढेच.

बरे, युक्ती खरोखर नवी आहे असे धरून चालू. तरी पेटंट घ्यावेच असे नाही. येथे मी आपल्याला एक साधी कसोटी सुचवतो. तुमची वस्तू विकत घेऊन, खोलून, दुसऱ्याला तुमची युक्ती कळते काय? कळत असेल, तर गुपित राहणारच नाही, तेव्हा पेटंटचा विचार करावा. कांद्याची प्रतवारी करणारे यंत्र बाजारात गेले की दुसऱ्या दिवशी कोणीही त्याचे बोल्ट काढील. पण युक्ती कारखान्याच्या भिंतींआड राहणारी असेल, जसे कुरकुंभच्या एखाद्या रसायनाच्या भट्टीत कोणता पदार्थ किती उष्णतेला घालावा, तर ती कागदावर मांडून जगाला देण्यापेक्षा जपून ठेवणे अनेकदा शहाणपणाचे ठरते. अर्थात गुपितालाही धोका आहे. दुसऱ्याने स्वतःच्या बुद्धीने तेच शोधले तर त्याला अडवता येत नाही.

दुसरी कसोटी पैशाची. पेटंट म्हणजे दुसऱ्याला अडवण्याचा हक्क. पण अडवायला सरकार येत नाही, तुम्हालाच जावे लागते. दावा जिल्हा न्यायालयात चालतो, आणि समोरच्याने पेटंटच रद्द करा असा प्रतिदावा केला की तो उच्च न्यायालयात जातो. शिरूरच्या वर्कशॉपवाल्याने पुणे आणि मग मुंबई अशा किती फेऱ्या घालाव्यात? म्हणून ज्याला स्वतः माल काढून विकायचा आहे, किंवा ज्याच्याकडून परवाना घ्यायला कोणी कारखानदार तयार आहे, त्यानेच या वाटेने जावे. डॉ. शंकर आबाजी भिसे यांचे चरित्र या बाबतीत डोळे उघडणारे आहे. १८६७ साली मुंबईत जन्मलेला हा प्रतिभावंत. छापखान्याचे खिळे ओतण्याचे यंत्र त्यांनी शोधले. त्यांचे शोध दोनशेच्या आसपास आणि पेटंटे चाळीसएक सांगितली जातात. लंडनमध्ये दादाभाई नौरोजींचा पाठिंबा मिळाला, पुढे सर रतन टाटांचे भांडवल मिळाले, शेवटी ते अमेरिकेत गेले आणि १९३५ साली न्यूयॉर्कमध्ये वारले. बुद्धीत ते कोणाला हार जाणारे नव्हते. पण पेटंटाचा कागद आणि बाजारात खपणारे यंत्र यांच्यामध्ये भांडवलाची केवढी खिंड आहे, ती ओलांडता ओलांडता त्यांचे आयुष्य गेले.

तिसरा प्रश्न मालकीचा. रांजणगावच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या तरुणाला युक्ती सुचली, तर ती कोणाची? आपल्या पेटंट कायद्यात नोकरांच्या शोधांविषयी वेगळे कलम नाही. नेमणुकीच्या करारात काय लिहिले आहे, त्यावर बहुतेक सारे ठरते. पुष्कळ मुले तो करार न वाचता सही करतात. तो काढून एकदा वाचावा. मालकी कारखान्याची असली, तरी शोधक म्हणून आपले नाव अर्जात यावे, हा आग्रह धरण्यात गैर काही नाही.

आता घ्यायचे ठरले, तर कसे घ्यावे? पहिला नियम मौनाचा. अर्ज दाखल होईपर्यंत यंत्र कोणाला दाखवू नये. बारामतीच्या कृषी प्रदर्शनात मांडले, मोबाइलवर चित्रफीत टाकली, की नवेपण गेले असे समजा. प्रदर्शनासाठी कायद्यात १२ महिन्यांची सवलत आहे, पण केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनापुरतीच. दाखवणे भागच पडले, तर गुप्ततेचा करार लिहून घेऊन दाखवावे.

दुसरे, तात्पुरत्या तपशिलाचा अर्ज आधी करता येतो. त्याने तुमची तारीख पक्की होते आणि पूर्ण तपशील देण्यास १२ महिने मिळतात. त्या वर्षात यंत्र सुधारा, गिऱ्हाईक मिळते का पाहा, आणि नाही मिळाले तर अर्ज सोडून द्या. एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची साधी फी आजच्या दराने १,६०० रुपये आहे. तपासणी आपोआप होत नाही; तिची मागणी पहिल्या तारखेपासून ३१ महिन्यांच्या आत वेगळी करावी लागते, तिची फी ४,००० रुपये. पेटंट मिळाल्यावर तिसऱ्या वर्षापासून ते चालू ठेवण्याची फी आहे. खरा खर्च मसुदा करून देणाऱ्या एजंटाचा असतो.

आणि मसुद्यातच सारे मर्म आहे. अर्जाच्या शेवटी दावे असतात. तेवढीच तुमच्या शेताची हद्द. "विटांचे, तीन वळणांचे चुलवाण" असा दावा केलात तर शेजारी चार वळणे घालून मोकळा होईल. "जाळ फिरवणारे कोणतेही चुलवाण" असा केलात तर तो जुनाच म्हणून फेटाळला जाईल. त्यातून अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीतच चालतो, मराठीत नाही. म्हणून आधी मराठीत, आपल्या शब्दांत, चित्रांसह सर्व लिहून काढावे, आणि एजंटाने केलेल्या मसुद्याचा अर्थ ओळीओळीने समजून घेतल्याशिवाय सही करू नये. ज्याला गुळव्याचे काम ठाऊक नाही, त्याला चुलवाणातली खुबी आपोआप कळत नाही.

शेवटी एक तिसरी वाट सांगतो, तिचा उल्लेख फारसा कोणी करीत नाही. पेटंट घ्यायचे नाही, गुपितही ठेवायचे नाही. युक्ती सर्वांना द्यायची. ही वाट थोर आहे. पण नुसती तोंडी दिलेली युक्ती उद्या दुसराच कोणी स्वतःच्या नावावर लावू पाहील, आणि हळदीसारखा पुरावा शोधत बसावे लागेल. म्हणून द्यायचीच, तर नाव, तारीख आणि चित्रांसह छापून द्या. एकदा ती प्रसिद्ध झाली की तिच्यावर कोणालाही कुलूप घालता येणार नाही, आणि शोध कोणाचा हेही राहील.

तेव्हा विकायचे असेल तर पेटंट, झाकता येत असेल तर गुपित, वाटायचे असेल तर छापील कागद. यांपैकी काहीही निवडा, पण निवडा. आणि निवड होईपर्यंत तोंड मिटून, वहीत तारीख घालून लिहीत राहा. आपल्या दोन्ही तालुक्यांत हुशार हातांची वाण नाही. त्या हातांचे श्रेय दुसऱ्याच्या खात्यावर जमा होऊ नये, एवढीच माझी तळमळ आहे.