एक स्पर्धा, एक समाज : इंडियानाच्या शालेय बास्केटबॉलचा इतिहास
(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात विद्यार्थी व क्रीडाशिक्षकांसमोर दिलेले भाषण)



शाळांमधील क्रीडास्पर्धा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर चुन्याने आखलेले मैदान, चार खुर्च्या, एक टेबल आणि त्यावर मांडलेले चषक उभे राहतात. दोन दिवसांत स्पर्धा संपते, वर्तमानपत्रात चार ओळी येतात आणि सारे विसरून जातात. परंतु जगात असाही एक प्रदेश आहे, जिथे शाळकरी मुलांची बास्केटबॉल स्पर्धा पाऊणशे वर्षांहून अधिक काळ साऱ्या प्रांताचा वार्षिक उत्सव होऊन राहिली. तो प्रदेश म्हणजे अमेरिकेतील इंडियाना हे राज्य. त्या स्पर्धेचा इतिहास आज मी आपल्यापुढे मांडणार आहे. तो केवळ खेळाचा इतिहास नाही. संधी कोणाला द्यायची, कोणाला नाकारायची आणि लहानाने मोठ्याशी कसे लढायचे, या प्रश्नांचाही तो इतिहास आहे.

प्रथम खेळाच्या जन्माविषयी थोडेसे. डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण विद्यालयात डॉ. जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात बंदिस्त जागेत खेळता येईल असा खेळ शोधून काढला. सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, तेरा नियम लिहिले आणि फुटबॉलच्या चेंडूने खेळ सुरू झाला. टोपलीला बूड असल्यामुळे प्रत्येक गोलानंतर शिडी लावून चेंडू खाली काढावा लागे!

हा खेळ दोन-तीन वर्षांतच इंडियानातील क्रॉफर्ड्सव्हिल गावी पोहोचला आणि तेथील मातीत असा रुजला की जन्मभूमीपेक्षा कर्मभूमीच श्रेष्ठ ठरावी. याची कारणे अगदी व्यावहारिक होती. इंडियाना हा मक्याच्या शेतीचा प्रदेश. पीक घरात आल्यावर हिवाळाभर बर्फ पडलेले, करमणुकीचे साधन नाही. गावे लहान, शाळा त्याहून लहान. अमेरिकन फुटबॉलचा संघ उभारायचा तर मुलेही पुष्कळ लागतात आणि सामानाचा खर्चही मोठा. बास्केटबॉलला मात्र पाच मुले, एक चेंडू आणि कोठाराच्या भिंतीवर ठोकलेले एक कडे एवढे पुरे. ज्या गावाजवळ दुसरे काही नव्हते, त्या गावाजवळ पाच मुले नक्कीच होती.

१९११ साली ब्लूमिंग्टन येथील इंडियाना विद्यापीठात पहिली राज्य स्पर्धा भरली. बारा संघ आले. अंतिम सामन्यात क्रॉफर्ड्सव्हिलने लेबनन शाळेवर २४-१७ असा विजय मिळवला. पुढच्याच वर्षीपासून राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेने स्पर्धा आपल्या हाती घेतली. लगेच १९१३ आणि १९१४ अशी दोन वर्षे विंगेट नावाच्या चिमुकल्या खेड्यातील शाळेने विजेतेपद पटकावले. या शाळेला स्वतःची व्यायामशाळासुद्धा नव्हती! १९२० ते १९२२ या काळात फ्रँकलिनच्या संघाने लागोपाठ तीनदा अजिंक्यपद मिळवले. १९२५ मध्ये खुद्द नेस्मिथ अंतिम सामना पाहण्यास आले. हजारोंचा तो जनसमुदाय पाहून, खेळाचा जन्म मॅसॅच्युसेट्समध्ये झाला असला तरी त्याचे खरे उगमस्थान इंडियानाच होय, असा अभिप्राय त्यांनी पुढे लिहून ठेवला.

या स्पर्धेचे वैशिष्ट्य कोणते? शाळा लहान असो वा मोठी, सर्वांना एकच स्पर्धा आणि एकच अजिंक्यपद. गट नाहीत, वर्ग नाहीत. प्रथम आसपासच्या शाळांची फेरी, मग विभागाची, मग उपांत्य विभागांची आणि शेवटी राज्याची. एक पराभव झाला की संपले. १९३८ मध्ये तब्बल ७८७ शाळा या एका चषकासाठी उतरल्या होत्या. म्हणजे एक शाळा हसत घरी गेली आणि ७८६ शाळा रडत! इंडियानापोलिसमध्ये १९२८ साली बटलर विद्यापीठाने सुमारे पंधरा हजार प्रेक्षकांचे भव्य क्रीडागृह उभारले, ते या स्पर्धेचे जणू सभामंडपच झाले. गावोगावी गावाच्या लोकसंख्येहून अधिक आसनांच्या व्यायामशाळा बांधल्या गेल्या.

मित्रहो, या स्पर्धेतील सर्वांत प्रसिद्ध दिवस म्हणजे २० मार्च १९५४. मिलान हे आग्नेय इंडियानातील हजार-अकराशे वस्तीचे खेडे. शाळेत अवघे १६१ विद्यार्थी. समोर मन्सी सेंट्रल ही दहापटीने मोठी शाळा, चार वेळा अजिंक्यपद मिळवलेली. शेवटच्या सत्रात दोन गुणांनी मागे असतानाही प्रशिक्षक मार्विन वूड यांच्या सूचनेवरून बॉबी प्लम्प या खेळाडूने चेंडू हातात धरून चार मिनिटांहून अधिक काळ नुसते उभे राहणे पसंत केले. ठरावीक सेकंदांत चेंडू टाकलाच पाहिजे असा नियम तेव्हा शालेय खेळात नव्हता. मागे असलेल्याने घाई करायची, ही जगाची रीत. या मुलांनी ती उलटवली. प्रतिस्पर्धी बलवान असेल तर त्याच्या गतीने खेळू नये, हे त्यांना उमगले होते. अखेर ३०-३० अशी बरोबरी असताना शेवटच्या क्षणांत प्लम्पने चेंडू टाकला आणि मिलान ३२-३० ने जिंकले. दुसऱ्या दिवशी त्या खेड्यात स्वागताला हजारोंची गर्दी लोटली. याच घटनेच्या प्रेरणेने १९८६ मध्ये ‘हूजियर्स’ हा चित्रपट निघाला.

येथवरची कथा गोड आहे. परंतु जमेची बाजू वाचून दाखवायची आणि नावेची झाकून ठेवायची, हे आम्हा व्यापाऱ्यांच्या चोपडीत बसत नाही. ‘सर्वांसाठी खुली’ म्हणविणारी ही स्पर्धा १९४२ पर्यंत सर्वांसाठी खुली नव्हती. कृष्णवर्णीयांच्या शाळा आणि कॅथलिक धर्मसंस्थांच्या शाळा यांना संघटनेचे सदस्यत्वच मिळत नसे. इंडियानापोलिसमध्ये १९२७ साली कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळी काढलेली क्रिस्पस अ‍ॅटक्स ही शाळा. शहरातील शाळा तिच्याशी खेळत नसत. सामने मिळावेत म्हणून मुलांना दूरदूरचा प्रवास करावा लागे. दार उघडल्यावरही शाळेची व्यायामशाळा इतकी लहान होती की घरचे सामनेही परक्याच्या अंगणात खेळावे लागत.

या शाळेत ऑस्कर रॉबर्टसन नावाचा मुलगा शिकत होता. लहानपणी घरात चेंडू घेण्याची ऐपत नव्हती. चिंध्या गुंडाळून, त्यांना रबर बांधून तो घरामागे टांगलेल्या पीचच्या टोपलीत टाकीत असे. माझे आयुष्य कापडाच्या व्यवसायात गेले. कातरणीखाली पडलेल्या चिंध्यांना आमच्याकडे मोल नसते. त्या झाडून बाहेर टाकतात. त्याच चिंध्यांतून एक महान खेळाडू घडला, हे वाचले तेव्हा मी क्षणभर थांबलो.

१९५४ मध्ये याच अ‍ॅटक्सला मिलानने हरवले होते. पुढच्या वर्षी, १९५५ मध्ये, रे क्रो यांच्या मार्गदर्शनाखाली अ‍ॅटक्सने अंतिम सामन्यात गॅरी रूझवेल्ट शाळेवर ९७-७४ अशी मात केली. सर्वांसाठी असलेली राज्य स्पर्धा जिंकणारी संपूर्ण कृष्णवर्णीयांची ही अमेरिकेतील पहिली शाळा. राजधानीच्या शहरालाही प्रथमच अजिंक्यपद लाभले. विजेत्यांना अग्निशामक दलाच्या गाडीवर बसवून मिरवणूक निघाली. मात्र मध्यवर्ती चौकात जेमतेम फेरी होताच ती कृष्णवर्णीयांच्या वस्तीतील उद्यानाकडे वळवण्यात आली. शहरात दंगा होईल, ही अधिकाऱ्यांची भीती! ज्या शहराचे नाव या मुलांनी उंचावले, त्याच शहराने त्यांच्या आनंदाला चौकात थांबू दिले नाही. पुढच्या वर्षी हाच संघ एकही सामना न गमावता पुन्हा अजिंक्य ठरला. तसे करणारा तो या स्पर्धेतील पहिलाच संघ. रॉबर्टसन १९६० च्या ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदकाचा मानकरी झाला. परंतु त्या रात्रीचा सल त्याच्या मनातून गेला नाही. चषकाची झळाळी अपमानाचा डाग पुसू शकत नाही.

आणखी एक नावेची रक्कम. मुलींसाठी संघटनेची राज्य स्पर्धा सुरू झाली ती १९७६ मध्ये. म्हणजे मुलांच्या पहिल्या स्पर्धेनंतर ६५ वर्षांनी. वॉर्सॉ शाळेच्या मुलींनी ती जिंकली. प्रेक्षागृहात इतकी वर्षे मुली टाळ्या वाजवीत होत्याच. त्यांना मैदानात उतरायला दोन पिढ्या लागल्या.

मुलांच्या स्पर्धेची लोकप्रियता १९९० मध्ये शिगेला पोहोचली. अंतिम सामन्याला ४१,०४६ प्रेक्षक उपस्थित होते, तेही शाळकरी मुलांच्या सामन्याला! पण तोवर लहान शाळा एकमेकींत विलीन होऊन संख्येने रोडावल्या होत्या आणि मिलाननंतर तेवढ्या लहान शाळेला अजिंक्यपद पुन्हा कधीच लाभले नव्हते. १९९६ मध्ये संघटनेने निर्णय घेतला की विद्यार्थिसंख्येनुसार चार गट पाडावेत. १९९७ ची स्पर्धा ही अखेरची एकत्र स्पर्धा ठरली. बॉबी प्लम्प स्वतः विरोधात उभे राहिले. त्यांचे म्हणणे असे की लहान शाळेला स्वतःचा चषक देताना आपण तिच्याकडून मोठ्याला हरवण्याचे स्वप्न काढून घेत आहोत. गटपद्धतीच्या समर्थकांचे म्हणणे असे की चाळीस वर्षांत एकदाही न फळलेल्या स्वप्नावर मुलांनी किती काळ जगावे?

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. गट पडल्यावर प्रेक्षक घटले आणि जुनी धामधूम ओसरली. अँडरसन शहरातील जवळजवळ नऊ हजार आसनांची प्रसिद्ध व्यायामशाळा खर्च पेलवेना म्हणून २०११ मध्ये बंद झाली. उलटपक्षी दरवर्षी एकाऐवजी चार गावांत आनंदाचे तोरण लागू लागले. खुद्द अ‍ॅटक्स शाळेनेही १९५९ नंतर थेट २०१७ मध्ये आपल्या गटाचे अजिंक्यपद मिळवले. २०१२ मध्ये या प्रश्नावर राज्यात पुन्हा जाहीर चर्चा झाली. पण गटपद्धतच कायम राहिली.

माझे मत विचाराल, तर एकत्र स्पर्धा की गट, यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे. मिलानची कथा आपण आवडीने सांगतो, कारण त्यात लहान मुलांना मोठ्यांसमोर उभे राहण्याची संधी मिळाली. पण तीच संधी १९४२ पर्यंत अ‍ॅटक्सच्या मुलांना दारातच नाकारली गेली होती. तेथे किती ऑस्कर रॉबर्टसन घडायचे राहून गेले, याची नोंद कोणत्याच विक्रमांच्या पुस्तकात नाही. हरलेल्याचे नाव निदान गुणतक्त्यावर असते; प्रवेशच न मिळालेल्याचे नाव कुठेच नसते.

येथे जमलेल्या शिक्षकांना आणि स्पर्धा भरविणाऱ्या कार्यकर्त्यांना माझी एवढीच विनंती आहे. चषक केवढा, पाहुणे कोण, मंडप कसा, याची काळजी अवश्य घ्यावी. परंतु प्रवेशपत्रिका हाती घेताना एकदा विचारावे : आपल्या परिसरातील कोणती शाळा, कोणती मुले, कोणत्या मुली या यादीत नाहीत, आणि का नाहीत? ज्यांच्याकडे चेंडू नाही, त्यांच्यापर्यंत आधी चेंडू पोहोचवावा. आणि जिंकणारा कोणीही असो, त्याची मिरवणूक गावाच्या मुख्य चौकातूनच निघावी.