एकट्याची थाळी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेले भाषण)



मी बँकेत सदतीस वर्षं काढलेला माणूस. संध्याकाळी कॅश जुळली की रात्री झोप लागायची. माणसांशीही जुळवूनच घ्यायचं, ही सवय तिथलीच. त्यामुळे आज जे बोलतोय ते आधी स्वतःलाच ऐकवतोय.

पनवेलजवळचं शिरढोण आपल्याला ठाऊक आहे. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके तिथे १८४५ साली जन्मले. पुण्यात ते लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून होते. म्हणजे आमच्याच पंगतीतले! खाली मान घालून जगता आलं असतं. पण हा माणूस पुण्याच्या रस्त्यांवरून थाळी वाजवत आपल्याच व्याख्यानाची दवंडी पिटायचा. नोकरी सरकारची आणि व्याख्यान सरकारविरुद्ध! पुढे १८७९ मध्ये पकडले गेले आणि १८८३ साली एडनला कैदेतच वारले.

थाळी आपणही वाजवली. २२ मार्च २०२०, संध्याकाळी पाच वाजता. सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या. मीही स्टीलचं ताट बडवलं. सगळे वाजवतात तेव्हा ताट हलकं असतं हो! एकट्याने वाजवायचं तर जड.

तेव्हा मला आपली एक जुनी सर्वसाधारण सभा आठवली. एकट्या राहणाऱ्यांना फ्लॅट भाड्याने द्यायचा नाही, असा ठराव होता. निमित्त काय, तर नर्सची नोकरी करणाऱ्या एका मुलीने घर विचारलं होतं. एकच वहिनी उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "मला हे पटत नाही." कुणी हसलं, कुणी घड्याळ पाहिलं. ठराव मलाही पटला नव्हता, तरी माझा हात वर गेला. ज्यांच्यासाठी आपण थाळ्या वाजवल्या, त्यांच्यातल्याच एकीला आपण दार बंद केलं होतं.

नंतर मी वहिनींना विचारलं, "एकट्या पडलात, वाईट नाही वाटलं?"

"छे हो, त्या रात्री किती छान झोप लागली!"

वेगळं असण्याचा आनंद तो हाच असावा. माझी कॅश मात्र त्या रात्री जुळली नाही.

तो ठराव अजून इतिवृत्तात आहे. येत्या वार्षिक सभेत तो रद्द करावा, अशी लेखी सूचना मी देणार आहे. अनुमोदक मिळाला तर आनंदच. नाही मिळाला, तर एक हात तरी वर दिसेल.