डॉक्टर नाही, मग कोण?

मी शीव कोळीवाड्यातून बोलतेय. आमच्या भागातल्या बचत गटांचं काम मी बघते, हे नेहमी ऐकणाऱ्यांना माहीत आहे. आज गटाच्या हिशोबाबद्दल बोलायचं नाही असं ठरवून आलेय, पण सुरुवात तिथूनच होणार. आमच्याकडे सगळ्याच गोष्टी तिथून सुरू होतात.

जूनच्या बैठकीत आमच्या एका ताईंनी 25,000 रुपयांचं कर्ज मागितलं. मुलीच्या कॉलेजसाठी. मुलगी बारावी सायन्सला चांगली पास झालेली. नीटची परीक्षा दोनदा दिली, दोन्ही वेळा हुकली. क्लासच्या फीमध्ये ताईंच्या कानातले गेले होते, ते अजून परत आलेले नाहीत. आता मुलगी म्हणत होती, मला बीएस्सीला जायचंय, लाईफ सायन्स घ्यायचंय.

आमच्या गटातल्या सगळ्यात थोरल्या मावशी चाळीस वर्षं बाजारात म्हावरं विकतात. त्यांनी सरळ विचारलं, "डॉक्टर होणार काय? नाय? मग पैसं कशाला? बेडूक कापायला?" सगळ्या हसल्या. ताईंचा चेहरा उतरला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण गटात बीए झालेली मीच.

खरं सांगू? माझ्याकडे उत्तर नव्हतं. दहावीला विज्ञानात मलाही बरे गुण होते. पण सायन्सची प्रॅक्टिकलं दुपारी, आणि दुपारी मला आईबरोबर बाजारात बसावं लागायचं. आर्ट्सचे वर्ग सकाळी सुटायचे. म्हणून आर्ट्स. त्यामुळे बायोलॉजी शिकून माणूस डॉक्टर झाला नाही तर काय होतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. ठराव पुढच्या बैठकीवर ढकलला आणि मी त्या मुलीला घेऊन चौकशीला निघाले.

आपण राहतो कुठे बघा. पाच मिनिटांवर शीव हॉस्पिटल. एसआयईएस कॉलेज शीवलाच, रुईया आणि खालसा माटुंग्याला. शीवहून स्लो लोकल पकडली तर माटुंगा, दादर आणि तिसरं स्टेशन परळ. त्या परळमध्ये केईएम आहे, टाटा आहे, हाफकिन आहे. आपण तिथे जातो ते आजारी माणसाला घेऊन. केसपेपर काढायचा, रांगेत उभं राहायचं, परत यायचं.

तर हाफकिनची गोष्ट आधी. 1896 साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा वाल्डेमार हाफकिन नावाचा माणूस इथे आला. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये जागा मिळाली, तिथे त्याने प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 ला पहिली सुई स्वतःलाच टोचून घेतली. 1899 मध्ये त्याची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात गेली, तीच आजची हाफकिन संस्था. आता गंमत ऐका. हा माणूस डॉक्टर नव्हता. त्याने विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकलं होतं.

तो परदेशी आणि पुरुष, असं म्हणाल. मग आपल्यातल्या बाईंचं ऐका. डॉ. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ, जन्म 1917, पुणे. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. वडिलांची इच्छा, मुलीने डॉक्टर व्हावं आणि लग्नही डॉक्टरशीच करावं. तिने दोन्ही केलं नाही. वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी केली. 1939 साली लग्न झालं ते गणिताच्या माणसाशी, आणि मुंबईत आल्या. एमएस्सी पुरी झाली 1943 ला, म्हणजे लग्नानंतर. विषय काय, तर सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या पेशी. कुणी म्हणालं असेल, याचा उपयोग काय?

पण पेशी बघायची सवय लागली ती लागली. टाटा मेमोरियलमध्ये डॉ. खानोलकरांच्या हाताखाली काम करून 1949 मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएचडी मिळवली. पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला जाऊन शिकून आल्या आणि परळच्या कॅन्सर संशोधन केंद्रात देशातली पहिली टिश्यू कल्चर लॅब उभी केली. टिश्यू कल्चर म्हणजे शरीरातल्या जिवंत पेशी बाहेर काढून काचेच्या भांड्यात वाढवायच्या. मग त्या पेशींवर कशाचा काय परिणाम होतो ते बघता येतं, माणसाला त्रास न देता. उंदरांवर काम करून त्यांनी स्तनाच्या कॅन्सरचा आनुवंशिकतेशी काय संबंध आहे ते शोधलं. कुष्ठरोगाच्या जंतूंवर काम केलं. 1982 ला पद्मभूषण मिळालं. 1973 मध्ये त्यांनी बरोबरीच्या बायकांना घेऊन भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना काढली, ती आजही वाशीला आहे. म्हातारपणी अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या कुपोषणाचा अभ्यास केला. त्यांनी पेशंट तपासायचा दवाखाना कधी घातला नाही.

ही गोष्ट मी गटात सांगितली तेव्हा मावशी म्हणाल्या, "ती प्रोफेसराची पोर. आपली पोर कशी करल?" प्रश्न बरोबरच होता. म्हणून आता खर्चाचं आणि कामाचं बोलते.

आधी शिकवतात काय ते. कॉलेजातल्या एका बाईंनी आम्हाला लॅब दाखवली. काचेच्या बशीत खीर गोठल्यासारखं काहीतरी होतं. तो अगर, समुद्रातल्या शेवाळापासून काढलेला. आपण ज्याला चायना ग्रास म्हणतो तेच. त्यावर जंतू वाढवतात, रंग देऊन ओळखतात. मग पीसीआर. कोव्हिडमध्ये नाकात काडी घालून नेलेल्या नमुन्याचं पुढे काय व्हायचं, ते मला तेव्हा कळलं. विषाणूचं सामान इतकं थोडं असतं की हाती लागत नाही, म्हणून यंत्रात त्याच्या प्रती काढतात. एकाच्या दोन, दोनाच्या चार. अशा तीस फेऱ्या नीट झाल्या की एकाच्या शंभर कोटींवर प्रती. चक्रवाढ व्याजच की! गटातल्या बायकांना हे लगेच समजलं.

आता नोकरीचं. यात मी गोड बोलणार नाही. नुसत्या बीएस्सीवर लॅबमध्ये पगार थोडा असतो. पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायचं तर डीएमएलटीसारखा वेगळा कोर्स लागतो, आणि रिपोर्टवर सही शेवटी पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरची. खरी वाट एमएस्सीनंतर उघडते. औषधांच्या आणि लशींच्या कंपन्या, अन्नाची तपासणी, शिकवणं. संशोधनात जायचं तर सीएसआयआरची नेट परीक्षा आहे. त्यात ज्युनियर फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये मिळतात. म्हणजे पीएचडी करताना घरून पैसे मागावे लागत नाहीत, उलट थोडे घरी देता येतात. पण तिथवर पोचायला बारावीनंतर पाच वर्षं लागतात. ज्या घरात पाच वर्षं थांबायची ऐपत नाही, त्यांना हे आधीच सांगायला हवं. पोरगी शेवटच्या वर्षाला असताना नाही.

अकरावीत मुली असतील तर एक ऐकून ठेवा. डॉक्टरच व्हायचंय म्हणून गणित सोडू नका. पुण्याच्या आयसरमध्ये पाच वर्षांचा कोर्स आहे, त्याच्या प्रवेश परीक्षेत बायोलॉजीबरोबर गणितही येतं. आपल्या कलिन्यालाही मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभाग मिळून एक केंद्र चालवतात, तिथे नेस्ट परीक्षेतून जाता येतं. या मुलीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दोन वर्षं तिला एकाच परीक्षेचं नाव माहीत होतं. याचा मला राग येतो, आणि तो स्वतःवरही येतो. इतकी वर्षं मी दारोदार फिरतेय, मी तरी कुठे सांगितलं?

आणि आपल्या कोळ्यांच्या मुलींसाठी एक वाट तर घरातूनच जाते. रत्नागिरीला शिरगावात मत्स्य महाविद्यालय आहे, तिथे मत्स्यशास्त्राची चार वर्षांची पदवी मिळते. पुढचं शिक्षण वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत. मासा वाढतो कसा, अंडी कधी घालतो, पावसाळ्यात बोटी का थांबवायच्या, हे सगळं तिथे विज्ञान म्हणून शिकवतात. आपल्या आज्या ते गाबोळी बघून सांगायच्या.

जुलैच्या बैठकीत पुन्हा कर्जाचा विषय निघाला. वाद झाला, दोघींचा विरोध शेवटपर्यंत होता. शेवटी ठरलं ते असं: 12,000 आता, बाकीचे दुसऱ्या सत्राला. व्याज नेहमीचंच. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला काढून महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा, पैसे आले की आधी गटाचे फेडायचे. आणि मावशींनी अट घातली, "पोरीनं दर महिन्याला यायचं आनि काय शिकली ता सांगायचं."

सप्टेंबरच्या बैठकीत ती आली. म्हणाली, बर्फात जंतू मरत नाहीत, फक्त त्यांची वाढ मंदावते, म्हणून बर्फातला मासाही शेवटी खराब होतो. मावशी म्हणाल्या, "ता मना चालीस वरसं ठावं हाय. बोंबील लवकर का नासतो आनि सुरमई का नाय, ता सांग." पोरगी गप्प. म्हणाली, "विचारून येते."

गेल्या आठवड्यात सांगून गेली. बोंबलाच्या अंगात दहातले जवळजवळ नऊ भाग पाणीच असतं, आणि जंतूंना पाणी लागतं. म्हणून ताजा बोंबील टिकत नाही आणि वलांडीवर सुकवला की महिनोन्महिने टिकतो. मावशींनी ऐकून घेतलं, काही बोलल्या नाहीत. जाताना तिच्या आईच्या पिशवीत सुक्या बोंबलांची जुडी टाकली. दुसरा हप्ता डिसेंबरात द्यायचा आहे.